पान बारावरचा हात

प्रेसमध्ये त्यांना सगळे प्रूफताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्येही त्या याच नावाने होत्या, आणि एकदोघांच्या मोबाइलमध्ये तर ‘प्रूफताई, उचलू नये’ अशा. हे त्यांना कळलं कसं? एका गिऱ्हाइकाचा नंबर बरोबर लिहून घेतलाय ना, हे तपासायला त्यांनी त्याच्यासमोर बसूनच फोन लावला, आणि टेबलावर पडलेल्या त्याच्या मोबाइलवर ते नाव झळकलं. गिऱ्हाईक शरमेने पाणी पाणी झालं. ताई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि म्हणाल्या, “उचलत तरी जा हो, मग काहीही नाव ठेवा.”

त्यांचं काम सांगायला सोपं. पुस्तक असो, पत्रक असो, औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो, छापण्याआधी त्याचं प्रूफ गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि गिऱ्हाईक ‘हो’ म्हणालं की मगच छपाईची प्लेट करायला पाठवायचं. पूर्वी हे प्रूफ कागदावर असे. पिशवीत घालून ताई दुकानोदुकानी हिंडायच्या आणि सही घेऊन परत यायच्या. आता लिंक जाते. गिऱ्हाइकाने ती उघडायची, पानं बघायची, काही चुकलं असेल तिथे बोट ठेवून शेरा लिहायचा, आणि शेवटी दोन बटणं: लाल म्हणजे ‘बदल हवेत’, हिरवं म्हणजे ‘मंजूर’. हिरवं दाबलं की प्रेस सुटली. नंतर चूक निघाली तर ती गिऱ्हाइकाच्या माथी. आणि एकदा मंजुरी आली की प्रेसने त्यात एक टिंबसुद्धा हलवायचं नाही, हा या धंद्यातला सगळ्यात कडक नियम. भल्यासाठी हलवलं तरी गुन्हा तो गुन्हाच.

आता माणसाचा स्वभाव बघा. भाजी घेताना एकेक टोमॅटो दाबून बघणारा माणूस अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक अर्ध्या मिनिटात मंजूर करतो. कुणी जिन्यात उभं राहून करतं, कुणी जेवताना डाव्या हाताने करतं. आणि मग माल घरी आला की डोक्याला हात लावून बसतं. कसली कर्माची मंजुरी ती!

म्हणून ताईंनी एक रीत ठेवली होती. मंजुरी आली की त्या आधी फोन करून आभार मानायच्या. “वेळ काढून बघितलंत, आभारी आहे हं,” असं अगदी मनापासून. आणि मग एकच प्रश्न. “पान सातवर काय आहे, सांगता?” किंवा, “मुखपृष्ठावर माणसं किती आहेत हो?” ज्याने प्रूफ बघितलंय त्याला झटकन सांगता यावं आणि ज्याने नाही बघितलं त्याची तंतरावी, एवढाच तो प्रश्न. पलीकडे शांतता पसरली की ताई म्हणायच्या, “असू दे, घाई नाही. मी मंजुरी परत उघडते. जेवण करा, चष्मा लावा, आणि मग बघा.”

एका शाळेच्या मुख्याध्यापिका प्रत्येक पानावर ‘छान’ असा शेरा मारायच्या, चुकीने आलेल्या कोऱ्या पानावरसुद्धा. दोन भावांचा रंगाचा कारखाना होता. त्यांतला थोरला सकाळी हिरवं बटण दाबायचा आणि धाकटा दुपारी लाल, आणि मग दोघंही ताईंकडे एकमेकांच्या तक्रारी सांगायचे. ताई या सगळ्यांना पुरून उरल्या होत्या. घरी त्यांचा नवरा, जो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा आणि म्हणून कशालाच घाबरत नसे, ताटातला पहिला घास तोंडात घालून गंभीरपणे म्हणायचा, “मंजूर.” ताई लगेच विचारायच्या, “आमटीत काय कमी आहे?” तो म्हणायचा, “मीठ.” मग दोघं हसायचे. पस्तीस वर्षं हा एकच विनोद चालला होता, आणि अजून नासला नव्हता.

अशा माणसाच्या वाटेला कोण जाईल, असं तुम्हाला वाटेल. पण एक जण गेले. मोठे साहेब, म्हणजे ज्यांनी प्रेस उभी केली ते, मागच्या वर्षी वारले आणि त्यांच्या खुर्चीत त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब बसले. मुलगा वाईट नव्हता, उगाच कशाला बोला. कामाला वाघ होता. पण त्याला सगळं झटपट हवं असे. त्यात एका महिन्यात तीन गिऱ्हाइकांनी तक्रार केली. तिसरा तर नळ आणि बेसिन विकणारा व्यापारी. तो केबिनमध्ये येऊन म्हणाला, “मी तुमचं गिऱ्हाईक आहे की विद्यार्थी? तुमच्या बाई माझी तोंडी परीक्षा घेतात!”

धाकट्या साहेबांनी ताईंना खाली बोलावलं. आवाज चढवला नाही, पण बोलले ते स्पष्ट.

“ताई, बटण दाबलं की विषय संपला. मंजुरीनंतर फोन करायचा नाही.”

“पण साहेब, लोक बघत नाहीत हो.”

“न बघणं हा त्यांचा हक्क आहे. आणखी एक तक्रार आली ना, तर मी मंजुरी थेट प्लेटला जोडून टाकीन. मध्ये माणूसच नको. तुम्हाला खाली पॅकिंगला जागा आहे. काम जाणार नाही तुमचं, पण ते टेबल राहणार नाही.”

ताई “बरं” म्हणाल्या आणि जिना चढून वर आल्या. वरची ती खोली म्हणजे काय, तर एक टेबल, कॉम्प्युटरचे दोन पडदे, मागे कपाटभर जुनी प्रूफं, आणि खालच्या घडी घालायच्या मशीनची धडधड पायांतून वर येणारी. खिडकीतून अंगण दिसायचं, जिथे कागदाचे गठ्ठे उतरत. त्या खुर्चीत बसून ताईंनी आयुष्याची चांगली वर्षं घालवली होती. त्या खुर्चीत बसल्या की आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं त्यांना वाटायचं. पॅकिंगचं काम काही कमी दर्जाचं नव्हे, पण तिथे पुठ्ठ्याचा खोका काही ‘थांबा हो, चष्मा लावतो’ म्हणत नाही.

तर पुढचे सहा आठवडे ताईंनी तोंड शिवून घेतलं. मंजुरी आली की पुढे, मंजुरी आली की पुढे. घरी नवऱ्याने “मंजूर” म्हटलं तरी त्यांनी काही विचारलं नाही. तेव्हा मात्र तो घाबरला. त्या त्याला एवढंच म्हणाल्या, “टेबल अजून आहे ना, त्यातच समाधान मानते. तेवढ्यासाठीही आभार मानायला हवेत.” पण रात्री कूस बदलताना त्या सुस्कारे टाकतात, हे त्याला ऐकू यायचंच.

मग पुस्तिकेचं काम आलं. प्रेसला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त मोठ्या साहेबांच्या आठवणींची अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका काढायची आणि कार्यक्रमात सगळ्या गिऱ्हाइकांना, कामगारांना वाटायची, असं ठरलं. पहिली प्रत साहेबांच्या पत्नीच्या, म्हणजे धाकट्या साहेबांच्या आईच्या हातात द्यायची होती. प्रत्येक कामगाराने अर्धं पान लिहून दिलं. मशीनकाकांनी लिहिलं, बाइंडरमामांनी लिहिलं, ताईंनीही लिहिलं. नवीन डिझायनर मुलीने जुने फोटो स्कॅन करून पानं मांडली. आणि या कामाचं गिऱ्हाईक कोण? तर खुद्द धाकटे साहेब.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी ताईंनी त्यांना रीतसर लिंक पाठवली. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी ती उघडली, आणि हिरवा टिळा लागला तेव्हा एकोणचाळीस सेकंद झाले होते. सिस्टिम सगळं लिहून ठेवते, त्या बाबतीत ती ताईंच्याही वरताण होती. दोन वाजता पुस्तिका मशीनवर चढायची होती.

आता ताईंनी सरळ पुढे पाठवायला हवं होतं. हुकूमच तसा होता. पण हात सवयीने पानं उलटायला लागला. विचारायचं नव्हतं, तरी मनातल्या मनात त्या प्रश्न शोधत होत्या. आणि प्रश्न शोधायचा तर पान नीट बघावंच लागतं. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्या एखादं प्रूफ खऱ्या अर्थाने बघत होत्या, हे त्यांना तेव्हा कळलं आणि आपलीच लाज वाटली. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की प्रश्न गिऱ्हाइकासाठी आहे!

पान बारावर पूर्ण पानभर फोटो होता. मोठे साहेब कटिंग मशीनजवळ उभे, तरुण, एक हात मशीनच्या चाकावर. ताई बघत राहिल्या. साहेब साहेबच होते, पण कुणीतरी दुसरं असल्यासारखं वाटत होतं. भांग भलत्या बाजूला. शर्टाचा खिसा उजवीकडे. आणि चाकावरचा तो हात.

त्या हाताची गोष्ट प्रेसमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. प्रेस सुरू झाली त्याच वर्षी कटिंग मशीनमध्ये साहेबांची दोन बोटं गेली होती. अंगठा धरून तीन बोटं राहिली. फोटो काढताना साहेब तो हात नेहमी पाठीमागे घ्यायचे. पुस्तिकेतल्या बाकी सगळ्या फोटोंत तो लपलेला होता. या एकाच फोटोत कुणीतरी बेसावध गाठलं होतं, आणि म्हणूनच तो फोटो सगळ्यांत जिवंत होता. फोटोत तो हात होता उजवा.

निगेटिव्ह उलटी ठेवून स्कॅन झालं की सगळा फोटो आरशात बघितल्यासारखा उलटा होतो. जुन्या निगेटिव्हवर काम करणाऱ्यांकडून होणारी ही चूक. फोटोत कुठे अक्षर असतं तर लगेच पकडली गेली असती. पण अक्षर नव्हतं. मग फोटो उलटा होता की सुलटा? साहेबांचा तो हात डावा होता, असं ताईंना वाटत होतं. पण वाटणं वेगळं आणि छातीठोक सांगणं वेगळं. त्या डोळे मिटून आठवायला लागल्या, आणि जितकं आठवावं तितका तो हात कधी इकडे जाई, कधी तिकडे.

त्या खाली मशीनवर गेल्या. मशीनकाका प्रेसमध्ये सगळ्यांत जुने.

“काका, मोठ्या साहेबांचा तो हात कुठला हो? डावा की उजवा?”

“उजवा,” काका ताबडतोब म्हणाले. “हा काय प्रश्न झाला?”

“डावा!” पलीकडून बाइंडरमामा ओरडले. “काहीतरीच काय सांगतोस? साहेब सही उजव्या हाताने करायचे.”

“मग? तीन बोटांत पेन धरता येतं की. आणि उजवा अधू म्हणून तर त्यांनी शिंप्याला सांगून खिसा उजवीकडे शिवून घेतला होता, डाव्या हाताने पेन काढता यावं म्हणून.”

“कुठला खिसा? साहेबांच्या शर्टाला खिसाच नसायचा!”

“तुझ्या डोळ्यांना नसायचा!”

दोघांची जुंपली. चाळीस वर्षं ज्या हाताने त्यांच्या पाठीवर थाप मारली तो हात कुठला, हे दोघांनाही धड सांगता येईना. ताई हताश होऊन जिन्याशी उभ्या राहिल्या. कटिंग मशीन कधीच भंगारात गेलं होतं, त्यामुळे त्याचं चाक कुठल्या बाजूला होतं हेही बघायची सोय नव्हती. साहेबांच्या पत्नीला फोन करावा, तर मालकाच्या मंजुरीनंतर मालकाच्या आईला फोन करणं म्हणजे आगीत तेल. आणि गुपचूप फोटो उलटवून टाकावा, तर तो धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. त्यातून काका बरोबर निघाले तर? पन्नास वर्षांच्या पुस्तिकेत साहेबांचा तुटका हात ताईंनीच बदलला असं झालं असतं.

राहिला एकच उपाय. विचारायचं. विचारलं तर टेबल जाणार हे उघड होतं. नाही विचारलं, तर उद्या त्या बाईंच्या हातात पहिली प्रत पडणार, पान बारा उघडणार, आणि ज्या हाताची मलमपट्टी त्यांनी स्वतः केली होती तो हात त्यांना भलत्याच बाजूला दिसणार.

साडेबारा वाजले होते. ताईंनी मनाशी म्हटलं, साहेबांनी फोन करायला बंदी घातली आहे, दार वाजवायला नाही. आणि त्यांनी केबिनचं दार वाजवलं.

धाकटे साहेब कार्यक्रमाच्या खुर्च्यांचा हिशोब करत होते. “बोला ताई. गेली ना पुस्तिका प्लेटला?”

“नाही साहेब. एक विचारायचं होतं.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “ताई. मंजुरी दिली आहे मी.”

“हो. एकोणचाळीस सेकंदांत.”

हे बोलायला नको होतं. बोलून गेल्यावर ताईंना वाटलं, संपलं आता, टेबल गेलं. आता जायचंच आहे तर निदान पूर्ण विचारून तरी जाऊ.

“पान बारावर बाबांचा कुठला हात दिसतो, साहेब?”

“कुठला म्हणजे? दोन बोटं गेलेला.”

“ते खरं. पण डावा की उजवा?”

साहेबांचे डोळे टेबलावर फिरले, जणू उत्तर तिथे कुठे लिहिलेलं असणार. ताईंनी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. लहानपणी शाळेचं दप्तर घेऊन प्रेसमध्ये यायचा तो मुलगाच समोर बसलाय असं त्यांना वाटलं.

“मी बघितलं नाही,” साहेब हळूच म्हणाले. “पहिल्याच पानावर बाबांचा फोटो आला. पुढे बघवेना मला. सरळ शेवटच्या पानावर गेलो आणि बटण दाबलं.”

भराभर बटण दाबणारा माणूस म्हणजे बेफिकीर, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. बघवत नाही म्हणूनही कुणी दाबत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. फोनवरच्या त्या कितीतरी शांतता त्यांना एकदम आठवल्या.

“चुकलं माझं, साहेब,” त्या म्हणाल्या. “मी तुम्हाला असं तोडून बोलायला नको होतं.”

पण साहेबांचं लक्ष नव्हतं. ते खुर्चीतून उठले. दोन्ही हात पुढे करून बघू लागले, आणि मग केबिनमध्ये दोन पावलं चालले.

“मला शाळेत सोडायला यायचे ते. डबा माझ्या डाव्या हातात असायचा. हा असा. कारण उजव्या हातात…” त्यांनी उजवा हात जरा वर धरला, शेजारी कुणी उंच माणूस असावं तसा. “उजव्या हातात बाबांचा हात. त्यांच्या हाताला बोटं तीनच, त्यामुळे माझी दोन बोटं मोकळीच राहायची. मी ती हलवत चालायचो. ते म्हणायचे, नीट धर. मी म्हणायचो, धरायला जागाच नाही, बाबा.”

उजवा हात तसाच वर राहिला.

“माझ्या उजव्या हातात म्हणजे त्यांचा डावा. डावा हात होता, ताई.”

“मग फोटो उलटा लागला आहे,” ताई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायचे की चष्मा, हे न कळून त्यांनी दोन्ही पुसले.

साहेब त्यांच्याबरोबर जिना चढून वर आले. मालक वरच्या खोलीत कित्येक महिन्यांत आले नव्हते. ताईंनी मंजुरी परत उघडली, डिझायनर मुलीला बोलावून फोटो सुलटा करून घेतला, आणि खरोखरच मोठे साहेब घरी परत आल्यासारखे दिसू लागले. भांग जागेवर, खिसा जागेवर, आणि डावा हात चाकावर. नव्या प्रूफची लिंक गेली. साहेब म्हणाले, “माझ्या मोबाइलवर नको. इथेच बघतो, तुमच्या मोठ्या पडद्यावर.” ताईंनी खुर्ची दिली आणि स्वतः जुन्या प्रूफांच्या गठ्ठ्यावर बसल्या.

ते एकेक पान वाचू लागले. मध्येच थांबायचे, नाक ओढायचे, परत वाचायचे. मशीनकाका दारात येऊन म्हणाले, “दोन वाजले, मशीन रिकामं आहे.” साहेब मान वर न करता म्हणाले, “राहू दे रिकामं.” काकांनी ताईंकडे बघून भुवया उडवल्या. ताईंनी हळूच डावा हात वर करून दाखवला. काका जिना उतरताना स्वतःशीच पुटपुटत होते, “डावा? कसा काय डावा?”

पान अठ्ठावीसवर साहेब बराच वेळ अडकले. ते पान ताईंचं होतं. त्यांनी लिहिलं होतं ते असं:

“मी बाइंडिंगला घड्या घालायची. एकदा साहेबांनी मला प्रूफ देऊन एका गिऱ्हाइकाकडे पाठवलं. मी सही घेऊन धावत परत आले. साहेबांनी सही बघितलीच नाही. म्हणाले, पान सातवर काय आहे? मला सांगता येईना. म्हणाले, गिऱ्हाइकाला तरी सांगता येईल का? मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांनी मला समोर बसवलं, चहा सांगितला आणि पान सात वाचायला लावलं. त्यात तीन चुका होत्या. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारते. साहेबांनी मला खुर्ची दिली, त्याचे उपकार आहेतच. पण हा प्रश्न दिला, त्याचे जास्त आहेत. मला कुणी इतक्या मायेने अडवलं नव्हतं.”

साहेबांनी खुर्ची वळवली. “हे बाबांचं होतं? तो प्रश्न?”

“हो.”

“मग मी बंद करायला सांगितलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?”

आता खरं सांगायचं तर वडिलांचं नाव पुढे करून मुलाकडून टेबल वाचवायचं, हे ताईंना कमीपणाचं वाटलं होतं. पण तेवढं कुठे सांगत बसणार?

“लिहून दिलं होतं की,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मंजूर केलंत.”

साहेब एवढ्या जोरात हसले की खाली घडीच्या मशीनवरची माणसं वर बघायला लागली. हसता हसता त्यांचा चेहरा कधी रडवेला झाला, ते त्यांनाही कळलं नाही. ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि खिडकीबाहेर, अंगणात उतरणाऱ्या गठ्ठ्यांकडे उगाच बघत बसल्या.

अठ्ठेचाळीसावं पान संपलं तेव्हा तीन वाजून गेले होते. साहेबांनी हिरवं बटण दाबलं आणि ते उठले. ताई आपल्या खुर्चीत बसल्या. प्लेटला पाठवायला त्यांनी हात पुढे केला. साहेब दारापर्यंत गेले, पण जिना उतरेनात.

“काही राहिलं का, साहेब?”

“मंजुरी दिली मी.”

“हो, आली. वेळ काढून बघितलंत, आभारी आहे.”

तरी ते तिथेच उभे.

“मग विचारा की,” ते म्हणाले.

इतक्या वर्षांत स्वतःहून ‘विचारा’ म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. ताईंनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, “पान एकेचाळीसवर मागच्या रांगेत डोळे कुणी मिटलेत?”

“मशीनकाकांनी,” साहेब म्हणाले. “आणि शेजारी बाइंडरमामा त्यांना चिमटा काढताहेत.”

“बरोबर,” ताई म्हणाल्या. पुस्तिका प्लेटला गेली.

साहेब अजून दारातच होते. ताईंनी एकवार त्यांच्याकडे बघितलं आणि फोन उचलला. सकाळी आलेली आणखी एक मंजुरी पडून होती, लहान मुलांच्या औषधाची माहिती देणारं एका डॉक्टरीणबाईंचं पत्रक. त्यांनी नंबर लावला. साहेबांनी अडवलं नाही.

“डॉक्टरीणबाई, प्रूफताई बोलतेय. पत्रकाची मंजुरी मिळाली, खूप आभारी आहे. एवढं सांगाल का, मागच्या बाजूला खाली काय लिहिलंय?”

पलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, खोलीभर ऐकू जाईल असा.

“अहो, होतात कुठे तुम्ही इतके दिवस? थांबा, थांबा. फोन ठेवू नका. चष्मा लावते.”